खंबाटकीत बंद पडणारी डिझेल स्विफ्ट: दुरुस्त करत राहावी की बदलावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय, १ लाख ४८ हजार किमी चाललेली, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. वापर महिन्याला हजारेक किमी, त्यात दर आठवड्याला सातारा-पुणे. गेल्या वर्षभरात ६२ हजार रुपये गेले, तरी गाडी तीनदा खंबाटकी घाटात बंद पडली. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं थांबल्यावर आपोआप चालू झाली. आता गॅरेजवाले म्हणतात, इंजिन उतरवावं लागेल, ८५ हजार लागतील. घरच्यांचा गाडीवरचा विश्वास उडालाय. करावं की विकून टाकावी?

आधी स्पष्ट सांगतो: आज ८५ हजारांचं काम काढू नका आणि आज गाडीही विकू नका. तुमच्या गाडीचा दोष अजून कोणी शोधलेलाच नाही. दोष माहीत नसताना घेतलेला कुठलाही निर्णय अंदाजपंचे असतो.

तुम्ही दिलेला ६२ हजारांचा हिशेब जरा उलगडून बघा. टायर १८,५००. सस्पेन्शन, म्हणजे लोअर आर्म, बुश आणि पुढचे शॉकअप, १३,०००. बॅटरी ५,५००. सर्व्हिस आणि फिल्टर ६,५००. हे झाले ४३,५००. दीड लाख किमीच्या कुठल्याही गाडीला हे लागणारच होतं, आणि टायर, बॅटरी, सस्पेन्शन पुढची तीन-चार वर्षं तुमच्याच कामाला येणार आहेत. उरले १८,५००: सेल्फ ६,०००, इंजेक्टर सफाई ८,०००, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) आणि मॅनिफोल्ड सफाई ४,५००. गाडी बंद पडते म्हणून झालेला खर्च तेवढाच आहे, आणि त्यातलं एकही काम मूळ दुखण्याला लागलं नाही. सेल्फचं उदाहरण घ्या. गाडी घाटात चालता चालता बंद पडत होती. चालत्या इंजिनाचा सेल्फशी काय संबंध? ‘हे बदलून बघू’ या पद्धतीने काम चाललंय आणि त्याचे पैसे तुम्ही भरताय.

आता लक्षणाकडे या. गाडी थंड असताना पहिल्या झटक्यात चालू होते, घाटात जोर कमी न होता चढते, मध्येच एकदम बंद होते आणि निवली की पुन्हा चालू होते. इंजिन घासलेलं असेल तर असं होत नाही. घासलेलं इंजिन सकाळी थंडीत चालू व्हायला त्रास देतं, चढाला दम टाकतं, ऑइल खातं, धूर सोडतं. ते वीस मिनिटांत बरं होत नाही.

गरम झाल्यावर बंद आणि निवल्यावर चालू, या लक्षणाला पहिला संशय क्रँक पोझिशन सेन्सरवर घ्यावा. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा, कुठल्या स्थितीत आहे, किती वेगाने फिरतोय, हे हा छोटासा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो. जुना झाला की तापल्यावर त्याचा आतला जोड तुटतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. सिग्नल गेला की ईसीएम त्याच क्षणी डिझेल तोडतो. पार्ट आणि लेबर धरून साधारण दोन ते तीन हजारांचं काम.

याची परीक्षा तुम्हाला स्वतःला करता येते. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की लगेच, गरम असतानाच, सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. सेल्फ फिरवत असताना काटा शून्यावरून थोडासा, दोनशे-तीनशेपर्यंत, उचलला जायला हवा. इंजिन फिरतंय, आवाज येतोय, पण काटा शून्याला चिकटून बसलाय, तर ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाहीये. सेन्सर, त्याचं कनेक्टर किंवा तिथपर्यंतची वायर, या तिघांपैकी बहुधा काहीतरी आहे. सोबत कोणी असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. तो दहा सेकंदांचा व्हिडिओ गॅरेजवाल्याला अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगेल.

काटा उचलला जातोय पण गाडी चालू होत नाही, तर डिझेलच्या दाबाकडे वळा. तुमचं १२४८ सीसीचं इंजिन कॉमन रेल आहे, म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) दाबाखालचं डिझेल मिळतं. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या आसपास दाब तयार झाला नाही तर ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. डिझेल गरम झालं की पातळ होतं. पंप किंवा इंजेक्टर आतून झिजले असतील तर ते पातळ डिझेल रिटर्नच्या नळीने परत निघून जातं आणि दाब बनत नाही. थंड असताना तेच डिझेल जाडसर असतं, म्हणून गाडी चालू होते. आणखी एक शक्यता टाकीतल्या जाळीची. जाळीवर गाळ बसला असेल तर चढावर जास्त डिझेल ओढताना ती चोंदते आणि थांबल्यावर गाळ खाली बसतो. त्यामुळे तीनही वेळा टाकीत डिझेल किती होतं ते आठवा. दरवेळी पाव टाकीच्या खाली असेल तर टाकी उतरवून धुणं हे पहिलं काम.

हे तपासायला ज्याच्याकडे लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आहे अशा माणसाकडे जा. नुसते कोड वाचणारा स्कॅनर पुरत नाही. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरचा, पी००८७ रेलमधला दाब कमी असल्याचा. पण दोष येऊन-जाऊन असतो तेव्हा कोड साठलेला असेलच असं नाही, आणि गॅरेजमध्ये बॅटरी काढली असेल तर पुसलाही गेला असेल. लॅपटॉप लावून गाडी गरम होईपर्यंत चालवायची आणि बंद पडते त्या क्षणी आरपीएम आधी शून्य झाला की रेल प्रेशर आधी पडलं, हे बघायचं. बहुतेक वेळा याच एका गोष्टीत उत्तर मिळतं.

इंजेक्टरचा संशय असेल तर पंप-नोझलवाल्याकडे रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून त्यांना पारदर्शक नळ्या जोडतात आणि त्या चार सारख्या बाटल्यांत सोडतात. इंजिन गरम करून दोन-तीन मिनिटं चालवतात. चार बाटल्यांत डिझेलची पातळी जवळपास सारखी हवी. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत अर्धी बाटली, असं दिसलं तर तो एकच इंजेक्टर कामाला काढायचा, चारही नाहीत. तिथे स्वतः उभं राहा. ही टेस्ट डोळ्यांना दिसते, त्यात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही.

आता इंजिनाबद्दल. ८५ हजारांची गोष्ट निघालीच आहे तर कॉम्प्रेशन टेस्ट मागा. हीटर प्लग काढून तिथे गेज लावतात. या इंजिनाला साधारण २५ बारच्या वर दाब यावा, आणि चार सिलिंडरांतला फरक तीन बारपेक्षा जास्त नसावा. ही टेस्ट न करता इंजिन उतरवा म्हणणाऱ्याकडे इंजिन देऊ नका. त्याबरोबर घरी करायच्या दोन गोष्टी: गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. किंचित वाफ येणं ठीक. पण धूर भका-भका बाहेर पडत असेल, झाकण नुसतं ठेवलं तर उडत असेल, तर पिस्टन रिंग गेल्या आहेत. दुसरं, डिपस्टिकवर पातळीची खूण करून हजार किमी चालवा. पाव लिटर कमी झालं तर या वयाच्या इंजिनाला चालेल. एक लिटर गेलं तर इंजिनाचं काम खरंच जवळ आलंय.

टायमिंग चेनकडेही कान द्या. या इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे, आणि ऑइल उशिरा बदललेल्या गाड्यांत ती ताणते. सकाळी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड आवाज येऊन थांबत असेल तर चेन किट लवकर बदला. साधारण १५ ते २० हजार लागतील. चेन सरकली तर रॉकर तुटतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग ते ८५ हजार खरोखरच भरावे लागतात.

सगळी तपासणी मिळून चार हजारांच्या आत बसते. त्यापुढे तीन आठवड्यांची मुदत घाला. तेवढ्यात दोन वेगळ्या जाणकारांना दोष दाखवता आला नाही, म्हणजे ‘असेल’ म्हणून नव्हे तर रीडिंगवर किंवा बाटलीत दाखवता आला नाही, तर गाडी विका. सापडलेला महागडा दोष परवडतो. न सापडणारा स्वस्त दोषही परवडत नाही, कारण त्याला शेवट नसतो.

पैशाचा हिशेब मुद्दाम नंतर घेतला, कारण त्यात लोक एक चूक हमखास करतात. गाडीची किंमत दोन लाख, दुरुस्ती ८५ हजार, म्हणजे परवडत नाही, असं म्हणतात. तुलना गाडीच्या किमतीशी करायची नसते, दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी करायची असते. आणि आधी घातलेले ६२ हजार दोन्ही बाजूंना धरायचे नाहीत, ते गेले.

तुमच्या भागातल्या भावाने आकडे बदलून घ्या, मी साधारण धरतो. आज घाटात बंद पडते हे सांगून विकली तर १ लाख २० हजार येतील. ठेवली, तर पुढच्या २४ महिन्यांत तपासणी ४,०००, मूळ दोष १८,००० (सेन्सर निघाला तर बराच कमी), क्लच सेट लेबरसह १४,०००, किरकोळ सस्पेन्शन-ब्रेक ९,०००, अचानक येणाऱ्या कामांसाठी २०,०००. एकूण ६५,०००. दोन वर्षांनी चालू स्थितीत गाडी १ लाख ३० हजारांना जाईल. म्हणजे निव्वळ खर्च ५५,०००, महिन्याला साधारण २,३००.

बदलली, तर समजा पाच लाखांची चार-पाच वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेतली. जुनीचे १ लाख २०, खिशातले ८० हजार आणि ३ लाखांचं कर्ज. सेकंडहँड गाडीला १४ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता १०,२५० च्या आसपास बसतो, आणि पहिल्या २४ महिन्यांत नुसतं व्याज ६०,००० जातं. ट्रान्सफर आणि घेतल्याघेतल्या लागणारी सर्व्हिस, टायर, बॅटरी यांचे ३५,०००. दोन वर्षांनी ती ३ लाख ७० हजारांना गेली तर घट १ लाख ३० हजार. बेरीज २ लाख २५ हजार, महिन्याला ९,४०० च्या जवळ. इंधन, विमा आणि नेहमीची सर्व्हिस दोन्हीकडे असल्याने ती बाजूला ठेवलीय. विमा मात्र नव्या-जुन्या फरकाने थोडा वाढेल.

आता ८५ हजारांचं इंजिनाचं काम पहिल्या हिशेबात घालून बघा. खर्च महिन्याला साधारण ५,८०० वर जातो. तरीही दुसऱ्या गाडीपेक्षा कमीच. कागदावर दुरुस्ती जवळपास नेहमीच जिंकते. म्हणून निर्णय कागदावर होत नाही. गाडीचं काय झालं असेल तर पैसे घालूच नयेत, हे बघावं लागतं.

पहिली गोष्ट पुराचं पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्यात गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. तुम्ही गाडी दोन वर्षांपूर्वी घेतलीय, त्यामुळे हे तपासाच. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचला, खालचा फोम दाबून बघा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का बघा. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर लागतो का बघा. पुरात बुडालेल्या गाडीत वायरिंग आतून कुजत जातं, आज सेन्सर, उद्या फ्यूजबॉक्स, परवा ईसीएम. अशी निघाली तर सेन्सर बदलून चालू झाली तरी विका, आणि घेणाऱ्याला खरं सांगून विका.

दुसरी गोष्ट पत्रा. गाडी लिफ्टवर घ्या आणि जॅक पॉइंट, दरवाजाखालचं सिल, मागच्या चाकांच्या कमानीच्या आतला भाग आणि पुढच्या शॉकअपचं माउंटिंग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. वरचा रंग सुटला, खाली घट्ट लोखंड लागलं, तर घासून अंडरकोट मारून चालतं. टोक आत गेलं, पापुद्रे पडले, तर तो भाग अपघातात भार घेणार नाही. कोकणात वर्षानुवर्षं राहिलेल्या गाड्यांत हे जास्त आढळतं. इंजिन बदलता येतं, सांगाडा बदलता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे इंजिन खरंच गेलं तर. कॉम्प्रेशन पडलंय, ऑइल लिटरने जातंय, असं सिद्ध झालं तर माझं मत विकण्याकडे झुकतं, वरचा हिशेब काहीही म्हणो. ८५ हजार हा इंजिन उघडण्याआधीचा आकडा असतो. उघडल्यावर हेड, टर्बो, इंजेक्टरचे वॉशर, क्लच असं करत तो लाख-सव्वा लाखाला जातो. आणि बोअरिंग, क्रँकची घासाई, बेअरिंगचं माप यांत लेथवाल्याची चूक झाली तर वीस हजार किमीत पुन्हा तेच. भंगारातून जुनं इंजिन बसवायचा सल्ला मिळेल. तसं केलंत तर त्या इंजिनाची कागदपत्रं घेऊन आरटीओत नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावाच लागतो, नाहीतर विमा दावा आणि विक्री दोन्ही अडकतात.

कॅलेंडरही लक्षात ठेवा. २०१३ च्या गाडीची आरसी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल. त्यानंतर फिटनेस करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं, पण एप्रिल २०२२ पासून कारची त्यासाठीची फी ५,००० रुपये झाली आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड. घेणारे हे जाणतात, म्हणून शेवटच्या वर्षात भाव झपाट्याने पडतो. दोष सापडला आणि गाडी ठेवलीत तरी २०२७ च्या दिवाळीपर्यंत विकायचं मनात ठेवा.

आणि एक काळजीची गोष्ट. इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो आणि स्टीअरिंग जड होतं. खंबाटकीत मागे कंटेनर असताना हे धोक्याचं आहे. दोष निघेपर्यंत गाडी घाटात आणि महामार्गावर नेऊ नका, पुण्याला एसटीने जा. चुकून बंद पडलीच तर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच घट्ट दाबून डावीकडे घ्या, हॅझर्ड लावा, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा. चाकाला दगड लावूनच बाकीचं बघा.

विकायची वेळ आलीच तर दोन कागद विसरू नका. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्र घ्या, ते तुमच्या नावावर असतं, गाडीच्या नाही, आणि पुढच्या गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येतं. दुसरं, आरसी घेणाऱ्याच्या नावावर झालीय हे परिवहनच्या साइटवर स्वतः बघितल्याशिवाय फाइल बंद करू नका. नोंदीत नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. नवी घेताना महिन्याला हजार किमीला पुन्हा डिझेल नको. बीएस-६ (सध्याचे प्रदूषण नियम) डिझेलमधलं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, छोट्या फेऱ्यांत चोंदतं. दिल्लीहून स्वस्तात आलेल्या डिझेल गाड्यांपासून लांब राहा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या इकडे आल्या, आणि इथला कर पुन्हा भरावा लागतो.

सध्या मात्र क्रम असा ठेवा: आरपीएमच्या काट्याचा व्हिडिओ किंवा लाइव्ह डेटा, मग ज्यावर बोट ठेवलं गेलं तेवढंच काम, जुना पार्ट हातात मागून घेऊन. काम झालं की लगेच पुण्याला निघू नका. साताऱ्यातून भर दुपारी, एसी लावून, चार माणसं बसवून, यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जा आणि परत या. स्कॅनरवाला सोबत आला तर उत्तम. दुसऱ्या दिवशी टाकीत पाव भाग डिझेल ठेवून हीच फेरी पुन्हा करा. दोन्ही फेऱ्या न अडखळता झाल्या की मग क्लचच्या कामाचं बघा, त्याआधी त्याला हात लावू नका.